पाच कुलपांचा मान

धामणगाव बढ्यात लग्न जमवणं सोपं, पत्रिका छापणं अवघड. मुलगी पसंत पडते, मुलगा पसंत पडतो, तिथी निघते, मंगल कार्यालयही मिळतं. आणि मग निमंत्रकांत कोणाचं नाव कोणाच्या वर, यावरून दोन सख्खे भाऊ एकाच पंगतीत एकमेकांकडे पाठ करून जेवतात. अशा अडीनडीला गावाला वामनराव खर्चे उपयोगी पडत. हायस्कुलात मुख्य लिपिक म्हणून हयात घालवून निवृत्त झालेला हा गृहस्थ पत्रिकेच्या बाबतीत शेवटचा शब्द मानला जाई. कोणत्या काकांना 'कार्यवाहक' करायचं, कोणत्या मामांना 'व्यवस्थापक' म्हणून गप्प करायचं आणि रुसलेल्या आत्याचा राग तिच्या नातवंडांना 'किलबिल'मध्ये घालून कसा उतरवायचा, हे ज्ञान त्यांनी कोणत्याही पुस्तकातून मिळवलेलं नव्हतं. त्यामुळे मानपानाचा प्रश्न जगात कुठेही निघाला तरी तो आपल्याच खात्यात येतो, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती.

त्यांची मुलगी पुष्पांजली, घरातली छकुली, पुण्याच्या एका कंपनीत संगणकातलं काहीतरी करायची. 'काहीतरी' हा शब्द वामनरावांचा. कोणी विचारलं तर "मोठं काम हाये तिचं" एवढं सांगून ते विषय सोयाबीनवर नेत. काम मोठं आहे याची त्यांना खात्री होती, ते काय आहे याची नव्हती. ती काही दिवस घरून काम करायला आली, ओसरीवर लॅपटॉप मांडून बसली, आणि एका सकाळी चहाच्या कपाआडून वामनरावांनी धीर करून विचारूनच टाकलं.

"समजा, एक पेटी आहे बाबा," छकुली म्हणाली. "तिला पाच जणांची पाच कुलपं. त्यातल्या कोणत्याही तिघांनी आपापली किल्ली लावली की पेटी उघडते. एकट्यादुकट्याला आतलं काढता येत नाही. पेटीत संगणकातले पैसे असतात, आणि फोनवरच्या ज्या अ‍ॅपमधून ती उघडायची त्याला आम्ही पाकीट म्हणतो."

"म्हंजे संस्थेच्या खात्यावर अध्यक्ष, सचिव, कोषाध्यक्ष."

"तसंच. फक्त मधात बँक नाही."

"मंग सह्या जुळवते कोण?"

"गणित."

वामनरावांनी मान डोलावली. गणिताबद्दल त्यांची तक्रार नव्हती. ते मधल्या सुट्टीला जेवायला जात नाही, हे त्यांनी पाहिलेलं होतं.

"अडचण अशी," छकुली पुढे म्हणाली, "की ही पाकिटं वेगवेगळ्या कंपन्या बनवतात. एकाची सही दुसऱ्याला वाचता येत नाही. म्हणून आम्ही देशोदेशीची माणसं मिळून सगळ्यांसाठी एकच रीत लिहितो आहोत."

"पगार?"

"नाही."

"भत्ता?"

"तोही नाही."

"मंग करून काऊन राह्यले?"

"भांडायला मजा येते बाबा."

वामनरावांना हे थेट ग्रामपंचायतीसारखं वाटलं आणि त्यांचा त्या कामाबद्दलचा आदर एकदम वाढला. पण छकुलीचा चेहरा उतरलेला होता. रीत लिहिणाऱ्यांच्या गटात बर्लिनचे एक दाढीवाले साहेब होते. ही रीत जाणकारांपुरतीच ठेवावी, साध्या माणसांना हे झेपणार नाही, असं त्यांचं म्हणणं. तेव्हा छकुलीनं भर बैठकीत सांगून टाकलं होतं की माझ्या गावातली पाच साधी माणसं पाच वेगळ्या कंपन्यांच्या पाकिटांतून हे करून दाखवतील, येत्या रविवारी, तुमच्यासमोर. जमलं नाही तर साध्या माणसांसाठी तिनं लिहिलेलं अख्खं प्रकरण गाळलं जाणार होतं.

"गाळते?" वामनराव कप आदळून उभे राहिले. "खर्च्याच्या पोरीचं लिहेलं गाळते? कोन बे तो दाढीवाला?"

"बाबा, ते फार विद्वान आहेत."

"असन. मानसं मी जमवतो. तू चहा पे."

इथून प्रकल्प छकुलीच्या हातातून गेला.

पाच माणसं निवडणं म्हणजे पाचशे माणसांना वगळणं, हे वामनरावांना पत्रिकांच्या अनुभवावरून ठाऊक होतं. त्यांनी माजी सरपंच उकंडराव पाटलांना घेतलं, कारण त्यांना न घेऊन गावात राहता येत नाही. उकंडरावांना घेतलं म्हणून त्यांचे जावई गजेंद्र यांना घेतलं. त्यांचं गावातच ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान होतं आणि जावयाला डावलणं बरं दिसत नाही. बचत गटाच्या अध्यक्ष तानुबाई यांना घेतलं. भाजीच्या मळ्यापासून बाजाराच्या ओट्यापर्यंत त्यांचा शब्द चाले. शेजारचे कृषी केंद्रवाले गुलाबराव यांना घ्यावंच लागलं, कारण निवड चालू असताना ते वामनरावांच्या ओसरीवर बसलेले होते. पाचवे स्वतः वामनराव.

छकुलीनं सगळ्यांच्या फोनवर एकेक पाकीट घालून दिलं आणि समजावलं, "प्रत्येकाच्या कुलपाला एक लांबलचक नंबर आहे. तो सगळ्यांना दाखवायचा. किल्ली म्हणजे हे बारा इंग्रजी शब्द. ते कोणालाही दाखवायचे नाहीत आणि हरवायचे तर मुळीच नाहीत."

उकंडरावांनी हे फारच मनावर घेतलं. कागद उंदीर खातात म्हणून त्यांनी मोताळ्याच्या बाजारात तांब्याचा नवा गडू घेतला आणि भांड्यावर नाव टाकणाऱ्याकडून ते बारा शब्द गडूवर कोरून घेतले. कोरणारा सवयीचा माणूस. त्यानं शब्द संपल्यावर खाली 'उकंडराव पाटील यांजकडून सप्रेम' असंही टाकून दिलं. गडू घरी आला, पाटलीणबाईंना आवडला, आणि त्याच दिवशी ताक घेऊन शेजारी गेला. शेजारणीनं रिकामं भांडं परत कसं द्यायचं म्हणून त्यात शेवया भरल्या आणि घाईत तो गडू भलत्याच घरी पाठवला. सापडेपर्यंत निम्म्या आळीनं ती किल्ली घासूनपुसून ठेवली होती.

"काका, धातूवर कोरणं हीच पद्धत जगात सगळ्यात चांगली समजतात," छकुली हसू दाबत म्हणाली. "फक्त खाली मालकाचं नाव नसतं." उकंडरावांना नवं कुलूप करून द्यावं लागलं.

इकडे वामनराव जागेच्या मागे लागले. पाहुणे साता समुद्रापलीकडून बघणार, तेव्हा कार्यक्रम ग्रामपंचायतीच्या सभागृहातच हवा. तिथल्या बाबूंनी अर्ज दोनदा वाचला आणि विचारलं, "कोणत्या सदरात घालू? सांस्कृतिक, का आरोग्य?"

"आर्थिक," वामनराव म्हणाले.

"आर्थिक म्हणलं की वरून मंजुरी लागते."

मंजुरीसाठी वामनराव मोताळ्याला एका कचेरीत गेले. तिथल्या टेबलानं पलीकडच्या टेबलाकडे पाठवलं, पलीकडच्या टेबलानं विचारलं की लाभार्थी किती. लाभार्थी कोणीच नाही, पेटीत पडणारी नाणी नुसती चाचणीची आहेत, बाजारात त्यांना चिंचोक्याचीही किंमत नाही, असं वामनरावांनी खरंखरं सांगितलं. ज्यात लाभार्थी नाही अशी योजना त्या टेबलाच्या माहितीत नव्हती. त्यांनी अर्ज ठेवून घेतला. स्वतः हयातभर अर्ज 'ठेवून घेतलेल्या' वामनरावांना त्या दोन शब्दांचा अर्थ कोणी सांगायची गरज नव्हती, आणि एसटीत बसल्यावर त्यांनी खिडकीबाहेर तोंड केलं ते धामणगाव येईपर्यंत वळवलं नाही.

शेवटी गुलाबरावांनी खताच्या गोदामाची जागा दिली. "इन्व्हर्टर हाये, नेट हाये, अन पोत्यायवर बसाची सोय हाये," ते म्हणाले. "फक्त दाढीवाल्याले वास येनार नाही, हे एक बरं हाये."

दरम्यान गावात बातमी पसरली होती की वामनराव रविवारी नाणी वाटणार. रविवारच्या संध्याकाळी गोदामाबाहेर रांग लागली. प्रत्येकाच्या हातात आधारची झेरॉक्स होती. काही धोरणी लोकांनी पासपोर्ट फोटोही आणले होते. वामनरावांनी पायरीवर उभं राहून ही नाणी बिनकिमतीची असल्याचं भाषण केलं, आणि लोकांना आता पक्कं कळलं की आतल्या आत काहीतरी मोठं चाललं आहे. कोणी हललं नाही.

वेळ झाली. पडद्यावर निरनिराळ्या देशांतले चेहरे उगवले, मधोमध दाढीवाले साहेब. पोत्यांवर पाचही मानकरी आपापला फोन मांडीवर घेऊन बसले. फवारणीच्या औषधांच्या खोक्यांसमोर छकुली उभी राहिली आणि इंग्रजीत बोलू लागली. वामनरावांना निम्मं कळत होतं, पण तिचा आवाज कुठेही अडखळत नाही हे पूर्ण कळत होतं. तेवढ्यात वीज गेली, इन्व्हर्टर कण्हत चालू झाला, आणि तरीही तिचं वाक्य तुटलं नाही. वामनरावांची छाती सदऱ्याच्या गुंड्यांवर दाब देऊ लागली.

पेटीचा पत्ता वामनरावांच्या फोनवरून दिला गेला. साहेबांनी बर्लिनहून चाचणीची नाणी धाडली. वामनरावांच्या फोनवर ती दिसलीही.

"आली!" ते ओरडले. बाहेरच्या रांगेत खळबळ झाली.

"कुठी आली?" उकंडराव आपला फोन लांब धरून बघत होते. "माही पेटी तं रिकामी हाये."

"माहीबी," तानुबाई म्हणाल्या.

"इथी तं काहीच नाही," गुलाबराव म्हणाले. गजेंद्रांनी आपला फोन सासऱ्यांपुढे धरला.

"वामनराव," उकंडराव सावकाश म्हणाले, "नानी तुमच्याच फोनात काऊन आली?"

आयुष्यात शाळेची एक टाचणी वामनरावांनी घरी नेली नव्हती. आणि आज चिंचोक्याच्या किमतीच्या नाण्यांवरून, साता समुद्रापलीकडच्या लोकांसमोर, खताच्या पोत्यावर बसून त्यांना हे ऐकावं लागत होतं. पडद्यावर दाढीवाल्या साहेबांनी दोन्ही हात पसरून मृदू आवाजात काहीतरी म्हटलं. शब्द कळले नाहीत, सूर कळला. मी म्हटलं नव्हतं का, असा तो सूर होता.

छकुलीचा चेहरा पांढरा पडला होता. ती एकेक फोन घेऊन बघू लागली. पाच फोनांवर पाच वेगळे पत्ते होते. म्हणजे पेटी एक नव्हती, पाच झाल्या होत्या. पाचही कुलपांचे नंबर तिनं सगळ्यांना पाठवले होते. प्रत्येकानं ते पाचही आपापल्या पाकिटात भरायचे होते. तिनं अक्षर अन् अक्षर ताडून पाहिलं आणि मान वर केली.

"एकाचीही चूक नाही," ती म्हणाली. "एवढे लांब नंबर, आणि एकाही अक्षराची चूक नाही! फक्त... क्रम. तुम्ही सगळ्यांनी क्रम का बदलला? कुलपं ज्या क्रमानं लावाल त्यावरून पेटीचा पत्ता ठरतो."

पाचही मानकरी पोत्यांवर सावरून बसले.

"मले शेवटी टाकलं होतं," उकंडराव म्हणाले. "चुकून झालं असन म्हनून मी दुरुस्त केलं. पयला मी, मंग जावईबापू. जावयाचा मान असते ना."

"मामांच्या आधी माझं नाव बरं दिसलं नाही," गजेंद्र पुटपुटले. "मी मामांना पहिलं केलं आणि स्वतःला शेवटी टाकलं." सासऱ्यानं जावयाचा मान राखला होता, जावयानं सासऱ्याचा, आणि दोघांच्या पेट्या वेगळ्या झाल्या होत्या.

"आता सगळीकडं बाया पयले असते," तानुबाई म्हणाल्या. "मी सोताले वर घेतलं. बाकीचे वयानं लावले. त्यात काय चुकलं माय?"

गुलाबरावांनी पहिल्या जागी 'श्री गजानन प्रसन्न' लिहायचा प्रयत्न केला होता. यंत्रानं ते घेतलं नाही, तेव्हा त्यांनी त्या जागी तानुबाईंना घातलं, उकंडरावांना दुसरं आणि स्वतःला तिसरं.

"आणि बाबा तुम्ही?"

वामनरावांनी घसा साफ केला. "आयोजक म्हनून... सोयीसाठी... पयलं."

"वा!" उकंडराव म्हणाले.

छकुलीच्या चेहऱ्यावर रंग परत आला, आणि ती पडद्याकडे वळून झरझर बोलू लागली. दाढीवाले साहेब पुढे झुकले. त्यांनी काहीतरी विचारलं.

"बाबा, ते विचारतात, दिलेला क्रम माणसं कशाला बदलतील? तुम्ही सांगा. मी त्यांना इंग्रजीत सांगते."

वामनराव उठले, सदरा खाली ओढला, आणि पडद्यासमोर जाऊन उभे राहिले.

"साहेब," ते म्हणाले, "तुमी लग्नाची पत्रिका छापली हाये का कधी? मी छापल्या. नावाचा क्रम मानूस वाचत नाही, मोजते. आपल्यावर किती, आपल्याखाली किती. तुमी यादी कशीबी द्या, तो ती आपल्या मनानं सुधारनारच. वयानं लावा, पदवाला रुसते. पदानं लावा, जावई रुसते. अक्षरानं लावा, तं उकंडराव पयले येतात अन गुलाबराव म्हनतात हे ठरवून केलं."

"हाव, म्हननारच," गुलाबराव पोत्यावरून बोलले.

"म्हनून क्रम असा पाह्यजे की जो कोनाच्या हातात नाही. ते कुलपाचे नंबर हायेत ना? त्यायच्यात ना वय, ना पद, ना सोयरीक. त्या नंबराच्याच क्रमानं लावा. अन मर्जीवर ठेवू नका. मर्जीवर ठेवलं तं भांडन ठेवलं."

छकुलीनं हे इंग्रजीत सांगितलं. शेवटचं वाक्य सांगताना तिनं बापाकडे पाहिलं. नंबरांच्या क्रमाची युक्ती पडद्यावरच्या मंडळींना नवी नव्हती; ती लिहिलेली होतीच, पण पुढे 'ऐच्छिक' असा शब्द होता आणि तो शब्द दाढीवाल्या साहेबांच्या हातचा होता. साहेबांनी दाढी कुरवाळली. मग ते हसले आणि बरंच काही बोलले.

"काय म्हनते?" उकंडरावांनी विचारलं.

"म्हणतात," छकुली म्हणाली, "त्यांच्या लग्नात कोण कुठल्या टेबलावर बसणार यावरून त्यांच्या काकांनी जेवण सोडलं होतं. अजून बोलत नाहीत."

"मंग समजदार मानूस हाये," उकंडराव म्हणाले, आणि धामणगाव व बर्लिनमधला ताण तिथेच संपला.

पाचही फोनांवर कुलपं नंबराच्या क्रमानं पुन्हा लावली गेली. पहिल्या तानुबाई आल्या. दुसरे गुलाबराव, तिसरे गजेंद्र, चौथे उकंडराव. शेवटी वामनराव. स्वतःच घालून दिलेल्या नियमानं ते तळाला गेले होते, आणि नियमाविरुद्ध दाद मागायला जागा नव्हती. उकंडरावांनी "कसं काय आयोजक?" एवढंच विचारलं.

पण आता पाचही फोनांवर एकच पत्ता होता. साहेबांनी नाणी पुन्हा धाडली आणि ती पाचही पेट्यांत, म्हणजे एकाच पेटीत, दिसली. तानुबाईंनी पहिली सही करायला अंगठा ठेवला. मेथीच्या जुड्या बांधून आलेला ओला अंगठा फोननं ओळखला नाही, तो पदराला पुसून पुन्हा ठेवला. मग गुलाबराव. मग गजेंद्र. तिसरी सही पडली आणि पेटी उघडली. पडद्यावरची माणसं टाळ्या वाजवू लागली. बाहेरच्या रांगेनंही वाजवल्या, कशासाठी ते न कळता.

"माही सही?" उकंडराव अंगठा वर धरून बसले होते.

"तीनच लागतात काका."

"मंग मले बलावलं काऊन? खत पाह्याले?"

ही वेळ मोठी नाजूक होती. वामनराव त्यांच्या शेजारी पोत्यावर जाऊन बसले. त्यांचीही सही कोणी मागितली नव्हती.

"पाटील," ते हळूच म्हणाले, "सह्या करनारे तीन, अन साक्षीदार दोन. साक्षीदाराबिगर कोनता कागद पक्का होते?"

उकंडरावांनी विचार केला. मग त्यांनी मिशीवरून हात फिरवला, पडद्याकडे बघून साक्षीदाराला शोभेल अशी मान हलवली, आणि दाढीवाल्या साहेबांनीही तिकडून हलवली.

काही महिन्यांनी ती रीत छापून, म्हणजे इंटरनेटवर, प्रसिद्ध झाली. छकुलीचं प्रकरण जसंच्या तसं राहिलं होतं. 'ऐच्छिक' शब्द जाऊन तिथे 'अनिवार्य' आला होता, आणि त्याखाली नमुना म्हणून पाच कुलपांचे नंबर दिले होते: धामणगाव बढ्याचेच, तानुबाईंपासून वामनरावांपर्यंत, नावं न देता. जगात कोणीही नवं पाकीट बनवायला घेतलं की त्यानं आधी ही पाच कुलपं लावून पाहायची आणि तोच पत्ता येतो का ते ताडायचं. वामनरावांनी गजेंद्रांच्या दुकानातून तेवढी पानं छापून घेतली, बुलढाण्याहून काचेची चौकट करून आणली आणि बैठकीत, देवांच्या तसबिरीच्या खाली पण कॅलेंडरच्या वर, टांगली. आता त्यांच्याकडे पत्रिकेचा मजकूर घेऊन कोणी आलं की आधी चौकट पाहावी लागे. आणि मुलगी काय करते असं विचारलं, तर ते विषय सोयाबीनवर नेत नसत. उलट सोयाबीनबद्दल विचारलं तरी पाच कुलपं सांगत.

एकदा वामनरावांच्या पत्नी अन्नपूर्णाबाई पदरानं काच पुसता पुसता थांबल्या. नवऱ्याची ही सगळी धावपळ त्यांनी इतके दिवस चहा देत पाहिली होती.

"इतकं केलं तुमी," त्या म्हणाल्या, "मोताळ्याले गेले, लोकायचं बोलनं खाल्लं, अन यात तुमचं नाव कुठीच नाही. निरा आकडे हायेत. तेबी तुमचे शेवटी."

वामनराव उठले. त्यांनी चष्मा लावला आणि पहिल्या पानाच्या माथ्यावर, जिथे लिहिणाऱ्यांची नावं होती, तिथे बोट ठेवलं. हयातभर लोकांची नावं वरखाली लावलेल्या त्या माणसानं हे नाव कितवं आहे हे मोजलंच नव्हतं. छकुलीनं ते शाळेच्या दाखल्यावर असतं तसं पूर्ण लिहिलं होतं. पुष्पांजली वामन खर्चे.

"हे काय," ते म्हणाले, आणि त्यांनी बोट मधल्या शब्दावर सरकवलं. "मधात."